मसल कार घ्यायची आहे? आधी कागद, मग किल्ली

१९६९ च्या मॉडेलवर्षात शेवरोलेने सुमारे २ लाख ४३ हजार कॅमेरो बनवल्या. त्यांतल्या झेड/२८ होत्या २०,३०२, म्हणजे साधारण बारात एक. आज अमेरिकेतल्या एखाद्या कार शोमध्ये फेरी मारा, प्रमाण अगदी उलटे वाटेल. हुडवर दोन रुंद पट्टे आणि ग्रिलवर झेड/२८ चा बिल्ला, अशाच गाड्या जास्त. गाड्या काही पिल्ले घालत नाहीत. पट्टे रंगवून मिळतात, बिल्ला टपालाने घरपोच येतो आणि साधी कॅमेरो आठवडाभरात दुप्पट भावाची होऊन उभी राहते.

डेट्रॉईटच्या परिसरात आणि अमेरिकेत इतरत्रही मोटारींच्या धंद्यात आपले मराठी लोक कमी नाहीत. हौसेखातर एखादी जुनी शेव्हेल, मस्टँग किंवा रोड रनर घ्यावी असे त्यांतल्या कित्येकांच्या मनात असते. हा लेख त्यांच्यासाठी, आणि लिलावांचे व्हिडिओ पाहत इथे बसलेल्या शौकिनांसाठीही.

या गाड्यांची किंमत ऑप्शनवर ठरते. तोच सांगाडा, तेच दरवाजे; पण कारखान्यातून कुठले इंजिन, कुठला गिअरबॉक्स आणि कुठले पॅकेज घेऊन गाडी बाहेर पडली, यावर आजचा भाव. १९६९ मध्ये झेड/२८ पॅकेजसाठी गिऱ्हाइकाला पाचशे डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागत. आज त्या एका ओळीचा फरक कित्येक हजार डॉलरचा असतो. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचे तर विचारूच नका. १९७१ ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एवढा पैसा जिथे आहे, तिथे लबाडीही असणारच.

गावाकडे जमीन घेताना आपण विकणाऱ्याने हातात दिलेल्या झेरॉक्सवर भरवसा ठेवत नाही, सातबारा स्वतः काढतो. इथेही तेच करायचे. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीचे दप्तर वेगळे आहे. कुणाचे जपून ठेवले आहे, कुणाचे अर्धे आहे, कुणाचे नाहीच. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी पहिला प्रश्न हा: या कंपनीची नोंद आज कुठे मिळते?

पाँटिॲकवाले सर्वांत नशीबवान. १९६१ पासूनच्या गाड्यांच्या बिलांच्या नोंदी टिकल्या आहेत आणि पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था चेसी नंबरावरून त्यांची प्रत देते. या क्षेत्रात सगळे तिला नुसते पीएचएस म्हणतात. प्रतीवर त्या गाडीला लावलेले ऑप्शन कोडसह असतात. जीटीओच्या बाबतीत तर हा कागद नसेल तर बोलणेच नको. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ ही ल मान्स गाडीवरचे एक पॅकेज होती, त्यामुळे चेसी नंबर पाहून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, ते कळत नाही. १९६६ ते १९७१ या वर्षांत जीटीओला स्वतःची मालिका मिळाली आणि नंबर २४२ ने सुरू होऊ लागला. १९७२ मध्ये ती पुन्हा ल मान्सवरचे पॅकेज झाली. पण २४२ आहे म्हणून गाडी 'द जज' ठरत नाही. जज हे जीटीओवरचे आणखी एक पॅकेज, ते फक्त कागदावर दिसते. १९६९ ची ट्रान्स ॲमही तशीच. ती एकूण ६९७ बनली आणि चेसी नंबरात तिची काहीही खूण नाही. पीएचएसची प्रत नाही म्हणणारा विक्रेता भेटला तर वाद घालू नका, नंबर घ्या आणि प्रत स्वतः मागवा. थोडक्या पैशांत काम होते.

फोर्डचे दप्तरही चांगले आहे, पण ते १९६७ पासून पुढचे. त्या वर्षापासूनच्या उत्पादनाच्या नोंदी ॲरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सकडे फोर्डच्या परवान्याने आहेत आणि 'मार्टी रिपोर्ट' म्हणून मिळतात. रंग, आतली सजावट, इंजिन, एक्सलचे गुणोत्तर, कुठल्या डीलरकडे गाडी गेली, सगळे त्यात येते. शिवाय फोर्डचा चेसी नंबरच बोलका आहे. ९एफ०२आर अशी सुरुवात असेल तर ९ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक मस्टँग आणि आर म्हणजे रॅम एअरसह ४२८ कोब्रा जेट. त्याच वर्षी क्यू म्हणजे तेच इंजिन रॅम एअरशिवाय, जी म्हणजे बॉस ३०२, झेड म्हणजे बॉस ४२९. पाचवे अक्षर वेगळे असेल तर हुडखाली कितीही सुंदर कोब्रा जेट चमकत असो, ते नंतर बसवलेले आहे. १९६७ आधीच्या मस्टँगला मार्टीचा आधार नाही. तिथे २८९ हाय परफॉर्मन्स इंजिनासाठी नंबरातला के शोधायचा आणि बाकीचे ऑप्शन इतर खुणांवरून जुळवायचे.

मार्टी रिपोर्टमुळे एक नवीच चाल रूढ झाली आहे, तिच्यापासून सावध राहा. तशा गाड्या किती बनल्या याची आकडेवारीही त्यात मिळते. मग विक्रेता म्हणतो, 'ही एकमेव आहे.' हिरवा रंग, पांढरी सीट, अमुक रेडिओ, घड्याळ आणि मागच्या काचेवर झडपा. एवढे सगळे जोडत गेले की कुठलीही गाडी एकमेव ठरते. भाव इंजिनाचा आणि पॅकेजचा द्यायचा, घड्याळाचा नाही.

क्रायस्लरच्या, म्हणजे प्लिमथ आणि डॉजच्या, जुन्या उत्पादन कार्डांची सोय १९६७ पर्यंतच आहे. नेमक्या ज्या वर्षांत हेमी कुडा, चॅलेंजर आणि रोड रनर गाजल्या, त्या वर्षांची मध्यवर्ती नोंद नाही. पण या कंपनीने गाडीवरच इतके लिहून ठेवले आहे की जाणत्याला ते पुरते. चेसी नंबरातले पाचवे अक्षर इंजिनाचे. बीएस२३आर०बी ही सुरुवात १९७० च्या हॅमट्रॅमक कारखान्यातल्या हेमी कुडाची. त्यातला आर हेमीचा. त्या जागी व्ही असेल तर ४४० सिक्स बॅरल. त्याखेरीज डाव्या आतल्या फेंडरवर एक छोटी पाटी असते, फेंडर टॅग. ती खालून वर वाचायची. सर्वांत खालच्या ओळीची सुरुवात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कोडने होते: १९७० मध्ये ई७४ म्हणजे हेमी, ई८७ म्हणजे ४४० सिक्स बॅरल, डी२१ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल, डी३२ म्हणजे जड कामाचा ऑटोमॅटिक. त्याच पाटीवर रंग, सजावट, बांधणीची नियोजित तारीख आणि बरेचसे ऑप्शन. पाटीवर ई७४ आणि चेसी नंबरात आर नाही, असे दिसले की तिथेच थांबायचे. दोन्ही जुळले तरी तेवढ्याने भागत नाही, कारण अशा पाट्या नव्या करून मिळतात. चेसी नंबराचा शेवटचा भाग रेडिएटर सपोर्टच्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. डॅशबोर्डवरची पाटी, फेंडर टॅग आणि पत्र्यावरचा ठसा, तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात का ते पाहा.

आता शेवरोले. सर्वांत जास्त गाड्या यांच्या, सर्वांत जास्त नकला यांच्या आणि ऑप्शनच्या नोंदी मात्र नाहीत. कॅनडात विकली गेलेली गाडी असेल तर जनरल मोटर्स ऑफ कॅनडाकडून तिची कागदपत्रे मिळतात. म्हणूनच कॅनडाची जुनी कॅमेरो किंवा शेव्हेल दिसली की जाणकार कान टवकारतात. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेसाठी तो दरवाजा बंद. चेसी नंबरही फार बोलत नाही. त्यात इंजिनाचे अक्षर आले ते १९७२ पासून. शेव्हेलचेच पाहा. १९६६ ते १९६८ या वर्षांत एसएस ३९६ ची वेगळी मालिका होती आणि नंबर १३८ ने सुरू होई. १९६९ पासून एसएस हे पॅकेज झाले आणि नंबर गप्प बसला. १९७० ची ४५० अश्वशक्तीची एलएस६ शेव्हेल आणि त्याच रांगेतली साधी व्ही-८ मालिबू, दोघींचा नंबर एकाच धाटणीचा.

मग शेवरोले तपासायची कशी? १९६९ ची झेड/२८ म्हणून समोर ठेवलेली कॅमेरो घेऊ आणि सावकाश पाहू.

आधी विंडशील्डमधून डॅशबोर्डवरची पाटी वाचा. १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे असे काहीतरी दिसेल. १२४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमेरो. इथे १२३ असेल तर गाडी सहा सिलिंडरची म्हणून जन्मली आहे. विषय संपला, हुड उघडायचीही गरज नाही. पुढचे ३७ म्हणजे कूपे. ६७ असेल तर कन्व्हर्टिबल, आणि १९६९ ची झेड/२८ विकायला होती ती फक्त कूपेच. ९ हे वर्ष. एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना, एल म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाईज. हे अक्षर नीट लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

मग आतले नियम आठवा. १९६९ च्या झेड/२८ ला ३०२ घनइंची, कागदावर २९० अश्वशक्तीचे इंजिन. सोबत चार गिअरचा मॅन्युअल आणि पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे. एअर कंडिशनर मिळतच नसे. मागे बारा बोल्टचा एक्सल आणि अनेक पानांचे कमानपाटे. आता वाकून पाहा. एक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजायला अर्धा मिनिट लागतो. मागे एकाच पानाचा पाटा असेल, फायरवॉलवर एसीच्या नळ्यांची भोके बुजवलेली दिसत असतील, तर विक्रेत्याच्या गोष्टी ऐकत बसू नका. उलट बाजूही ध्यानात असू द्या: हे सगळे भाग बाजारात मिळतात, तेव्हा ते जागेवर आहेत म्हणून गाडी खरी ठरत नाही. ते नाहीत म्हणून खोटी मात्र ठरू शकते.

यानंतर हुड उघडून फायरवॉलवर रिव्हेटने ठोकलेली काउल टॅग वाचा. तिच्यावर बॉडीची शैली, बॉडी नंबर, आतल्या सजावटीचा कोड, रंगाचा कोड आणि बांधणीचा आठवडा असतो. ०३सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. आकडा महिन्याचा, अक्षर आठवड्याचे. ७११ म्हणजे साधी काळी सजावट, ७२ ७२ म्हणजे हगर ऑरेंज, तो भडक नारिंगी. आणि इथे एन कामाला येतो. नॉरवुडमध्ये साधारण डिसेंबर १९६८ पासून या पाटीवर एक्स ने सुरू होणारा कोड येऊ लागला. एक्स७७ म्हणजे साधी झेड/२८, एक्स३३ म्हणजे बाहेरच्या सजावटीच्या पट्ट्यांसह झेड/२८. एक्स५५ किंवा एक्स६६ असेल तर गाडी एसएस होती, झेड/२८ नव्हे. व्हॅन नाईजच्या पाटीवर असा कोड नसे. म्हणून एल अक्षराच्या गाडीवर एक्स७७ दिसला तर पाटी बनावट, आणि एल अक्षराच्या गाडीवर तो नसला तर त्यात काही वावगे नाही. नॉरवुडच्या १९६९ च्या उत्तरार्धातल्या गाडीवर एक्स३३ किंवा एक्स७७ नसेल तर मात्र ती झेड/२८ नाही.

आता इंजिन. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा आहे, तिला पॅड म्हणतात. कापडाला थोडे थिनर लावून तेल-काजळी पुसा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. जो पुरावा पाहायचा तोच त्याने घासला जातो. पॅडवर व्ही ने सुरू होणारा ठसा दिसेल: व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग महिना आणि तारीख, शेवटी दोन अक्षरे. १९६९ च्या झेड/२८ ची ती अक्षरे डीझेड. दुसरा ठसा चेसी नंबराच्या तुकड्याचा, १९एन आणि शेवटचे सहा आकडे. तो पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ असतो. याच जुळणीला बाजारात 'नंबर्स मॅचिंग' म्हणतात आणि सर्वांत जास्त खोटेपणा इथेच होतो. जुने ठसे घासून नवे ठोकणे अवघड नाही. म्हणून अक्षरांपेक्षा पृष्ठभाग पाहा. कारखान्यातल्या ब्रोचिंग यंत्राने पॅडवर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा उमटत. उजेड तिरपा धरला की त्या दिसतात. रेघा ठशाच्या अक्षरांखालून सलग जात असतील तर चांगले लक्षण. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, रेघा गोलाकार किंवा उलटसुलट असतील, तर ब्लॉक एकदा तरी मशीनवर चढला आहे. सचोटीने केलेल्या दुरुस्तीतही हेडची बैठक तासताना ठसे जातात. पण गुळगुळीत पॅडवर ताजे कोरीव ठसे असतील, तर ते कुणी आणि का ठोकले हे विचारायचेच.

त्यापुढे तारखांचा क्रम. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख उठावात असते: सी १५ ९ म्हणजे १५ मार्च १९६९. अक्षर महिन्याचे, ए जानेवारीपासून एल डिसेंबरपर्यंत. आधी ब्लॉक ओतला जाणार, मग फ्लिंटला इंजिन जुळणार, मग ते ओहायोला जाऊन गाडीत बसणार. ओतकामाची तारीख इंजिन जुळणीच्या आधीची आणि जुळणीची तारीख काउल टॅगवरच्या आठवड्याच्या आधीची हवी. ब्लॉक एप्रिलमध्ये ओतलेला आणि गाडी मार्चमध्ये बांधलेली, असे असेल तर विक्रेत्याचे आजोबा शपथ घेऊन सांगत असले तरी ते इंजिन त्या गाडीचे नाही. अंतर काही महिन्यांचे असेल तरी शंका घ्यावी. हे इंजिन काही गोदामात मुरत पडणारे नव्हते.

पॅडवर डीझेडऐवजी सीई आणि पुढे आकडे दिसले तर घाबरू नका. ते वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकचे चिन्ह. या इंजिनांना त्या काळच्या पोरांनी जसे ताणले, ते पाहता अनेक खऱ्या झेड/२८ ना दुसरा ब्लॉक मिळाला असल्यास नवल नाही. गाडी खरीच राहते, भाव कमी होतो. माझ्या मते नव्याने ठोकलेल्या डीझेडपेक्षा खरा सीई केव्हाही बरा.

शेवटी लपलेले नंबर. १९६८-६९ च्या कॅमेरोत चेसी नंबराचा तुकडा फायरवॉलवर हीटरच्या पेटीमागे आणि काउलच्या पत्र्याखाली ठोकलेला आहे. तो पाहायचा तर भाग काढावे लागतात, म्हणून विक्रेते कुरकुर करतात. रक्कम मोठी असेल तर आग्रह धरा. डॅशची पाटी एका गाडीची आणि सांगाडा दुसरीचा, असा प्रकार इथेच उघडा पडतो.

कागदांकडे वळू. शेवरोलेच्या १९६५ ते १९७२ च्या वॉरंटी पुस्तिकेत प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची छोटी पट्टी असे. तिच्यावर चेसी नंबर, इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांचे कोड उठवलेले. अस्सल असेल तर सोन्याहून पिवळी. पण तीही नकली बनते, तेव्हा पुस्तिका, पट्टी आणि पहिल्या मालकाचे नाव एकत्र जुळतात का पाहा. दुसरा मौल्यवान कागद बिल्ड शीट. रांगेत कामगारांसाठी छापलेला हा तक्ता सीटच्या स्प्रिंगमध्ये, गालिच्याखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला सापडतो. १९६७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये तर टाकीवरच चिकटवलेला असतो. खऱ्या कागदावर स्प्रिंगच्या गंजाचे डाग, घडीवर विरलेली जागा, उंदराने कुरतडलेली कड असे काहीतरी असते. सगळीकडे एकसारखा तपकिरी झालेला कागद दिसला तर तो चहात बुडवला नाही ना, अशी शंका घ्या. आणि कागद खरा असला तरी तो याच गाडीचा आहे का? रांगेतले कामगार शेजारच्या गाडीचा तक्ताही सीटमध्ये कोंबत. त्यावरचा नंबर तपासल्याशिवाय खूष होऊ नका. काचेवर लावायच्या मूळ किमतीच्या पत्रकाला मी फारसा पुरावा मानत नाही. नव्याने छापलेली पत्रके उघड विकली जातात आणि तयार करून देणारा विक्रेत्याने सांगितलेलेच ऑप्शन छापतो.

सर्वांत दुर्मिळ गाड्या दिसायला साध्या असतात, हेही जाता जाता. शेवरोलेच्या सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डरमधून, म्हणजे कोपो पद्धतीने, १९६९ मध्ये अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या झेडएल१ कॅमेरो ६९ बनल्या. त्यांच्यावर एसएसचा बिल्लाही नव्हता. अशी गाडी म्हणून कुणी काही विकत असेल तर एकट्याने निर्णय घेऊ नका. त्या एकाच मॉडेलवर वर्षानुवर्षे काम केलेला तपासनीस पैसे देऊन न्या.

गाडी घेतल्यावरचीही एक सूचना. रंगकाम करताना चेसी नंबराची पाटी काढू नका. फुलाच्या आकाराच्या रिव्हेटनी ती बसवलेली असते, आणि ती उपटून पुन्हा लावलेली दिसली तर कायद्याच्या नजरेत गाडी संशयास्पद ठरते. कॅन्सस राज्यात एका १९५९ च्या कॉर्व्हेटची पाटी जीर्णोद्धाराच्या वेळी काढून परत लावली होती. तेवढ्यावरून पोलिसांनी ती गाडी जप्त केली, मालक काही वर्षे कोर्टात झगडत राहिला आणि २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला. रंगाऱ्याला हे लेखी सांगा.

नक्कल घेण्यात कमीपणा काहीच नाही. मजबूत १२४ सांगाडा, उत्तम बांधलेले इंजिन आणि विक्रेत्याने प्रामाणिकपणे 'ट्रिब्यूट' म्हटलेली गाडी रोज चालवायला खऱ्यापेक्षा सुखाची, कारण ती पावसात भिजली म्हणून जीव कासावीस होत नाही. फक्त भाव नकलेचाच द्या. लिलावाच्या पुस्तिकेत 'ट्रिब्यूट', 'रीक्रिएशन', 'असे मानले जाते' असले शब्द शोधा. ते बारीक अक्षरात असतात आणि बहुतेक लिलावांत गाडी 'आहे तशी' विकली जाते, मागाहून तक्रार चालत नाही. खासगी व्यवहारात विक्रीच्या कागदावर 'कारखान्यातून झेड/२८ म्हणून बाहेर पडलेली, इंजिन मूळ' असे वाक्य लिहून विक्रेत्याची सही घ्या. जो तोंडाने दहा वेळा सांगतो आणि सहीला कचरतो, त्याचा व्यवहार तिथेच सोडा. आणि पाँटिॲक किंवा फोर्ड घेत असाल तर पीएचएसची प्रत किंवा मार्टी रिपोर्ट तुमच्या स्वतःच्या नावाने मागवा. तो हाती येईपर्यंत बयाणा देऊ नका.